धुणार कोण?

आमच्या घरातला सासू-सुनेचा वाद उलटा आहे. रिवाजाप्रमाणे सासूने म्हणायचं असतं, "आमच्या वेळी नव्हती ही थेरं, फडक्यांवरच वाढली मुलं," आणि सुनेने मान उडवून दुकानातला पुडा फोडायचा असतो. आमच्याकडे सूनबाईंनी कापडी डायपर आणले आणि आमची ही त्यांच्या विरोधात उभी राहिली. पाच महिन्यांची नात दोघींच्या मधे सतरंजीवर उताणी पडून पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. तिचं मत कोणी विचारलं नव्हतं. माझंही नाही.

जुलैचा तिसरा आठवडा. सिंहगड रस्त्यावर चार दिवस ऊन नाही. बाल्कनीतली दोरी पुरेना म्हणून हॉलमध्ये खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दुसरी दोरी बांधलेली. तिच्यावर हत्ती, केळी, ढग अशी चित्रं असलेले अकरा डायपर आणि त्यांच्या आतली पांढरी पॅडं. पंखा पाचवर. दारातून आत येणाऱ्या माणसाला वाकूनच यावं लागे, त्यामुळे गेले चार दिवस आमच्याकडे येणारा प्रत्येक जण नम्र वाटत होता.

हिने एक पॅड चिमटीत धरून पाहिलं. "ओलंच आहे. कालपासून."

"जाड असतं आई ते, वेळ लागतो."

"बाळुतं जुनेराचं असायचं. धुऊन धुऊन विरलेलं पातळ. दोन तासांत वाळायचं. आणि हे वरचं काय आहे? हे कापड आहे होय? हा तर रेनकोट आहे!"

टीका अगदीच खोटी नव्हती. या डायपरचा बाहेरचा थर म्हणजे पॉलिएस्टरला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. ओल बाहेर येऊ देत नाही. आतून मऊ फ्लीस, मधे खिसा, खिशात शोषून घेणारं पॅड. पुढे टिचबटणांच्या तीन रांगा. लेकरू वाढेल तशी खालची रांग उघडायची. हुशार वस्तू आहे, यात शंका नाही. पण 'कापडी' हा शब्द तिला जरा ऐसपैस होतो.

"मान्य," सूनबाई म्हणाली, "बाहेरून प्लॅस्टिकच आहे. पण तेच प्लॅस्टिक शेकडो वेळा वापरायचं, आणि एकदा वापरून टाकायचं, यात फरक नाही का? रोजचे सात धरा. महिन्याचे दोनशेच्या वर. बाबा, तुम्ही करा ना हिशोब."

बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हिशोब सांगितला की बरं वाटतं. पॅन्टसारखा चढवायचा डायपर बारा रुपयांना धरला, तर दिवसाचे चौऱ्याऐंशी, महिन्याचे अडीच हजार. मूल मोठं होतं तसा आकडा उतरतो, पण मोठ्या मापाचा डायपर महाग होतो. दोन-अडीच वर्षांत साठ हजारांच्या आसपास. कापडी वीस नग, चारशेच्या भावाने आठ हजार. जास्तीची पॅडं, साबण, वीज धरून पंधराच्या पुढे जात नाही. मी कागद दोघींच्या मधे ठेवला.

हिने चष्मा लावून तो वाचला. "साबण लिहिलात, वीज लिहिलीत. धुणारीची मजुरी कुठल्या ओळीत आहे?"

मी कागद परत घेतला.

सूनबाईचा मुद्दा मुळात पैशांचा नव्हताच. तिने विकतचे डायपर सोडले त्याला कारण झाली एक सकाळ. रोज दारावर कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना पिशवी द्यायला ती खाली गेली. ताई पार्किंगच्या कोपऱ्यात सुका कचरा निवडत बसल्या होत्या: पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे. आमच्या मजल्यावरच्या पिशवीतून एक गोळा निघाला. कागदात न गुंडाळलेला, फुगलेला, आपोआप उलगडलेला. ताईंनी तो हाताने उचलून बाजूला ठेवला आणि तोच हात अंगात घातलेल्या जुन्या शर्टाला पुसून पुढचा पुठ्ठा उचलला.

"तो आपलाच होता, आई. ढगांचं चित्र असलेला पुडा तेव्हा आपण वापरत होतो. मला ओळखू आला."

"गुंडाळून द्यायचा मग."

"गुंडाळून दिला तरी जातो कुठे? २०१६च्या घनकचऱ्याच्या नियमांत लिहिलेलं होतं: वापरलेला डायपर नीट गुंडाळा आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका. आणि सुका कचरा निवडतं कोण? त्याच."

पुण्यात ही गोष्ट नवी नाही. कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ सालची; तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ती उघडणार नाही, एवढंच मागणं घेऊन या बाया दारोदार फिरल्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकल्या. २०१३ साली महिला दिनाला तर वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनची पोती त्यांनी थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिली: तुमचा माल, तुम्हीच बघा. मला ही पोती फार आवडतात. निषेधाचे अर्ज मी आयुष्यात पुष्कळ पाहिले, इतका मुद्देसूद एकही नाही. आणि तरी आमच्या इमारतीत लाल ठिपका काढण्यापुरतं स्केचपेन कुणाला सापडत नाही.

ही गप्प बसली होती. मग म्हणाली, "कुठली गं ती ताई?"

"तुमच्याकडचीच. उदगीरची. आजी-आजोबा बहात्तरच्या दुष्काळात आले म्हणे पुण्याला."

हिने नातीच्या पायावरचा हात काढला. "आमच्याकडे बाळुती कोण धुवायचं, सांगू?"

हे मी चौतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"पहिल्या वेळी मी माहेरी गेले. लातूरहून सोळा-सतरा किलोमीटरवर गाव. बाळंतिणीच्या खोलीत शेक, धुरी, सगळं साग्रसंगीत. सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही. तुला वाटेल, किती लाड! गावकुसाबाहेरून एक म्हातारी यायची. मागच्या दाराने. बाळुत्यांची पाटी दाराबाहेर ठेवलेली असायची, ती उचलायची, ओढ्यावर जायची, धुऊन कुंपणावर वाळत घालायची. वाळलेली बाळुती माझी आई काठीने उचलून आत घ्यायची आणि वर पाणी शिंपडायची. धुतलेली बाळुती! म्हातारीने हात लावला म्हणून. घाण काढणारीच्या हाताचा विटाळ, घाणीचा नाही. शेवटी तिला पायलीभर ज्वारी आणि एक जुनं लुगडं दिलं. तिचं नाव मला माहीत नाही. सव्वा महिना ती रोज यायची आणि मला नाव माहीत नाही."

दोरीवरचं एक पॅड घसरून खाली पडलं. कुणी उचललं नाही.

"मग सासरी आले. इथे कोणी म्हातारी नव्हती, मीच होते. तुमच्या आईंनी सांगितलं," हे माझ्याकडे वळून, "की बाळुती बाकीच्या धुण्यात नकोत; मागच्या दगडावर, वेगळी, आणि आंघोळीच्या आधी. पहाटे पाचला गार पाणी. दोन मुलं माझी, एक जाऊबाईंचं. बोटांना भेगा पडायच्या आणि भेगांत साबण जायचा. तेव्हा मी काय म्हणायचे मनात माहिताय? ही वापरून फेकता आली तर! एवढंच. मला काही मोठं स्वप्न नव्हतं. ते दुकानात आलं तेव्हा माझी मुलं मोठी झाली होती. आता तू म्हणतेस की ते नको, पुन्हा धुऊ या. धू बाई. पण मला निसर्ग सांगू नकोस."

सूनबाईला उत्तर द्यायला वेळ लागला. आवाज खाली आणून ती म्हणाली, "आई, पण फेकलं म्हणून ती म्हातारी सुटते का? ती आता ओढ्यावर जात नाही, आपल्या पार्किंगमध्ये बसते. आणि तिच्याही पुढे उरुळी-फुरसुंगीची माणसं आहेत, ज्यांच्या विहिरींशेजारी पुण्याने वर्षानुवर्षं कचऱ्याचे डोंगर रचले."

"आणि धुतलं म्हणजे मी अडकते."

"तुम्ही नाही. मी धुतेय ना!"

"आज."

इथे खरं तर वाद संपायला हवा होता, कारण दोघींनी आपापलं खरं ते सांगून टाकलं होतं. पण घरातले वाद असे संपत नाहीत; मग माणसं मुद्दे शोधतात.

हिने पाणी काढलं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हा तिच्या भाचीचं लेकरू तीन महिन्यांचं होतं. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी, टँकरसाठी रांगा, भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. "तिथे तू सांगशील का, की शी झालेलं फडकं आधी एकदा खळबळून, मग मशीनमध्ये पुन्हा दोनदा धू? भाचीने पुडे आणले. पाणी प्यायला ठेवलं. तिने बरोबर केलं की चूक?"

"बरोबर," सूनबाई तात्काळ म्हणाली. "पण आपण लातूरला नाही. आपल्या इमारतीत लोक पाइप लावून गाड्या धुतात."

हा सूनबाईचा गुण मला आवडतो. समोरच्याचा मुद्दा खरा असेल तर ती तो लगेच घेऊन टाकते, आणि मग तो त्याच्याच विरुद्ध वापरते.

तिने विलायतेतला दाखला दिला. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली हिशोब मांडला होता: अडीच वर्षांत एका मुलामागे फेकायच्या डायपरांमुळे साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, कापडींमुळे ५७०. म्हणजे कापडी काकणभर वाईटच! पण तिथली माणसं कपडे कढत पाण्यात धुतात आणि विजेच्या ड्रायरमध्ये वाळवतात. भरलेलं मशीन लावलं, उन्हात वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडींचा भार दोनशे किलोंनी उतरत होता. २०२३ साली तिथेच नव्याने मोजलं तेव्हा कापडी सुमारे पाव हिश्शाने सरस निघाले. "म्हणजे सगळं धुण्या-वाळवण्यावर आहे, आई. आणि आपल्याकडे ऊन फुकट आहे."

हिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती.

"काल रात्री दहाला इस्त्री कोण फिरवत होतं?"

"फक्त पॅडांवर. वरच्या कव्हरवर चालत नाही, पापुद्रा सुटतो."

"मग त्या इस्त्रीचा कार्बन त्या साहेबाच्या वहीत कुठे लिहायचा?"

आमच्या आईच्या काळी पावसाळ्यात शेगडीवर बुरडाची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळुती टाकत. धुराचा वास लागायचा, पण कोरडी व्हायची. या घरात शेगडी नाही, टोपली नाही. आणि मी हे बोलून दाखवल्यावर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

रसायनांचा विषयही निघाला. सूनबाईच्या मैत्रिणी म्हणतात की डायपरमधल्या जेलने अपाय होतो. त्यात मात्र मी पडलो, कारण मी प्रयोग केलेला आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो. एक कोरा डायपर कात्रीने कापला, आतला कापसासारखा लगदा परातीत झाडला आणि दोन वाट्या पाणी ओतलं. लाकडाच्या लगद्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक कण असतात. ते पाणी पिऊन भिजलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे झाले आणि परात तिरपी केली तरी थेंब सांडेना. मग चमचाभर मीठ टाकलं, तर साबुदाण्याने पाणी सोडलं. लघवीत क्षार असतात, म्हणून नळाचं पाणी हा डायपर जितकं पितो तितकी लघवी पीत नाही. हा पदार्थ विष नाही. तो मुलाची कातडी कोरडी ठेवतो, म्हणून लाली येण्याचं प्रमाण साध्या कापडापेक्षा असल्या डायपरात कमीच असतं, हेही खरं. लाली येते ती ओलीत शी-शू एकत्र राहिल्याने. मग वर कापड असो की प्लॅस्टिक, वेळेवर बदललं नाही तर ढुंगण लाल होणारच. साबुदाण्याचा दोष वेगळाच आहे. तो कुजत नाही. परातीतला तो गोळा कुठे टाकावा हे मला दोन दिवस सुचलं नाही. शेवटी गुंडाळून सुक्या कचऱ्यात दिला. लाल ठिपका काढला, एवढं माझं पुण्य.

तेवढ्यात नात कुरकुरली. झोपेतून उठून दहा मिनिटं झाली होती. हिने बोलता बोलताच तिचा हत्तीचा डायपर सोडला, तिला उचलून न्हाणीघरात नेलं, स्वतः पाटावर बसली, दोन्ही पाय जोडून पुढे केले आणि लेकराला पावलांवर टेकवून बसवलं. "शूऽऽऽ." सूनबाई दारात उभी. "शूऽऽऽ." आणि धार.

"हे कसं केलंत?"

"काय कसं? उठल्यावर करतातच लेकरं. दूध प्यायल्यावर करतात. आवाज ओळखीचा झाला की त्या आवाजाला करतात. म्हणून तर बाळुती कमी लागायची. नाहीतर तीन पोरांची धुऊन मी मेले असते."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू मला हत्ती आणि केळी दाखवत होतीस. मला वाटलं, हे तुला जुनाट वाटेल."

परदेशात आता यावर पुस्तकं निघतात, आणि आईबाप ती विकत घेऊन वाचतात. सूनबाईने ती वाचली असती तर कदाचित आधीच विचारलं असतं. मला मात्र एक गोष्ट लक्षात आली: दोघींच्या एवढ्या वादात कापड आणि प्लॅस्टिक यांच्याखेरीज तिसरं काही असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते दिवसभर घरात बसून होतं.

अर्थात त्यालाही दिवसभर मोकळं असलेलं माणूस लागतं. आणि तिथेच हिने शेवटचा बाण काढला.

"तुझी सव्वीस आठवड्यांची रजा पुढच्या महिन्यात संपते. पाळणाघरवाल्या काय म्हणाल्या?"

सूनबाईने नातीचं अंग पुसायला घेतलं. "कापडी चालणार नाहीत म्हणाल्या. प्रत्येकाची बादली कुठे ठेवणार?"

"म्हणजे नऊ ते सहा प्लॅस्टिक. आणि सकाळ-संध्याकाळ निसर्ग. तो धुणार कोण?"

"तुमचे चिरंजीव. कबूल केलंय त्यांनी."

ही हसली. चिरंजीव आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, हसणं ऐकून कानातलं यंत्र काढत बाहेर आले, दोरीखालून वाकले आणि काय विषय आहे ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "त्यात काय एवढं? मशीनच तर धुतं ना?"

खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज मोठा झाला. सकाळपासून पहिल्यांदाच सासू-सुना एका बाजूला होत्या.

"शी मशीन काढतं?" सूनबाईने विचारलं.

"आधी गार पाण्यात खळबळायचं, कढत घातलं तर डाग बसतो, हे मशीनला माहीत आहे?" ही.

"खिशातलं पॅड वेगळं काढतं?"

"वाळत घालतं?"

"पाऊस आला की आत आणतं?"

"पुन्हा पॅड भरून, टिचबटणं लावून, घड्या करून ठेवतं?"

मी वर्तमानपत्राआड होतो. मला वाटलं, वादळ मुलावर गेलं, आपण सुटलो. पण हिची नजर वर्तमानपत्रातून आरपार जाते.

"अहो. तुमचं काय चाललंय सध्या?"

"माझं?"

"सकाळी साडेसहाला फिरून येता. त्यानंतर काय करता?"

परातीतल्या प्रयोगाचा दाखला द्यावा असं क्षणभर वाटलं. दिला नाही. सूनबाई बिचारी म्हणाली, "बाबांना कशाला, आई," पण ते तिने पुरेशा जोराने म्हटलं नाही.

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मोरीपाशी निळ्या बादलीसमोर उभा राहिलो. वय सहासष्ट. मुलं दोन, नात एक, आजवर धुतलेली बाळुती शून्य. ही मागे मोडा टाकून चहा घेत बसली होती.

"आधी केळीवाला घ्या. त्यात फक्त शू आहे. टिचबटणं उघडा. सगळी नाही हो, बाजूची. हं. आता आत हात घाला."

"कशात?"

"खिशात. पॅड धरा आणि ओढा."

खिशाचं तोंड मला वाटलं होतं त्यापेक्षा अरुंद होतं. मी हात पंज्यापर्यंत आत घातला. आत गार, ओलं, जड असं काहीतरी होतं.

"मिळालं?"

"मिळालं."

"मग सोडताय काय? ओढा!"